पेन्शनवाला तारेबाहेर जात नाही

आमची बटालियन तेव्हा उत्तरेला, बर्फाच्या भागात होती. जागेचं नाव लिहीत नाही. कंपनीचं ठाणं डोंगराच्या एका सपाट खांद्यावर होतं आणि त्याच्या भोवती काटेरी तार होती. तारेपुढं एक खोल नाला, आणि नाल्याच्या पलीकडं चढावर आमचीच एक छोटी पोस्ट. पोस्टचं पीठ, डाळ, रॉकेल खच्चरांच्या पाठीवरून नाला ओलांडून जायचं. हिवाळ्यात नाला बर्फानं भरायचा आणि त्याच्या वरचा उतारही.

मी कंपनीचा हवालदार क्लार्क होतो. फौजेत क्लार्कला बाबूजी म्हणतात. रायफल मीही चालवली आहे, पहारे मीही दिले आहेत. पण माझी बरीचशी नोकरी रजा, पगार, बदल्या आणि पेन्शन यांच्या कागदांत गेली. ज्या दिवसाबद्दल लिहायला बसलो आहे, त्या दिवशीही मी खोलीत, बुखारीजवळ म्हणजे रॉकेलच्या शेगडीजवळ, रेडिओ सेटच्या बाजूला बसलेलो होतो. वाचणाऱ्याला हे आधीच माहीत असलेलं बरं.

नागरी लोकांना एक गोष्ट सहसा ठाऊक नसते. जवान म्हातारा होऊन रिटायर होत नाही. बहुतेक जण चाळिशीच्या आसपास घरी येतात. पंधरा वर्षं झाली की पेन्शन बसतं. त्यानंतर पुढच्या रँकसाठी थांबायचं की अर्ज करून लवकर सुटायचं, हा हिशेब प्रत्येकाच्या डोक्यात चालू असतो. बर्फात अडकलेली माणसं फार मोठ्या गोष्टी बोलत असतील असं लोकांना वाटतं. आम्ही पेन्शनबद्दल बोलायचो. एकरकमी किती हातात येतील, आधी घर बांधावं की बोअर घ्यावा, कारखान्यात सिक्युरिटीला घेतील का. आणि या सगळ्याच्या खाली एक भीती असायची, ती कुणी बोलून दाखवत नसे. अठराव्या वर्षापासून शिट्टीवर उठलेला माणूस, जिथं शिट्टी वाजत नाही अशा गावात सकाळी उठून करणार काय?

नायक भानुदास मदने यवतजवळच्या एका वस्तीवरचा. मी वडगाव रासाईचा. त्याचा तालुका दौंड, माझा शिरूर; मध्ये भीमा. रजा एकत्र मिळाली तर दोघं दौंड स्टेशनला उतरायचो, बाहेर येऊन भजी खायचो आणि आपापल्या वाटेला लागायचो. त्याच्या घरी पूर्वी मेंढरं होती. आजोबा दरवर्षी दिवाळीनंतर कळप घेऊन घाट उतरून कोकणात जायचे. भानुदास भरती झाला त्या वर्षी त्याच्या वडिलांनी, आबांनी, सगळी मेंढरं विकली आणि ऊस लावला. मेंढरं गेली तरी भानुदासच्या अंगातून ती गेली नव्हती. कुठलंही जनावर दिसलं की त्याचा हात आधी त्याच्या कानामागं जायचा.

एका दुपारी तो ऑफिसात आला. टोपी काढून हातात धरली.

"बाबूजी, एक अर्ज लिवा."

"कसला?"

"सुटायचा."

"हवालदारीचा नंबर जवळ आलाय तुझा. दोन वर्षं जेमतेम."

"म्हनूनच लिवा म्हनतो. हवालदार झालो तर आनखी मोह पडंल." मग म्हणाला, "धाकटी इचारती, पप्पा तुमी कवा जानार? पाव्हन्याला इचारत्यात तसं. तिला वाटतं, मी येतो त्यो जायालाच येतो."

"घरी बोललास का?"

"तिथंच तर तुमी लागताय."

त्या वर्षीची आमची रजा एकत्र आली. ठरल्याप्रमाणे मी एक दिवस त्याच्या वस्तीवर गेलो. अंगणात बाजेवर आबा बसले होते. भानुदासची बायको मनीषा चहा घेऊन आली आणि कप ठेवून तिथंच उभी राहिली.

"भाऊजी, खरं सांगा. दोन वर्सं थांबलं तर किती फरक पडतो?"

मी सांगितलं. हवालदाराचं पेन्शन नायकापेक्षा जास्त, आणि तो फरक जन्मभराचा.

"ऐकलं का?" ती नवऱ्याकडं वळली. "जन्मभराचा म्हनत्यात भाऊजी. थोरली पुढल्या साली धाव्वीला. मग कॉलेज. आन् हितं येऊन तुमी करनार काय?"

भानुदास जमिनीकडं बघत म्हणाला, "चाळीस मेंढरं घेईन म्हनतो. बंदिस्त. शेड मारून. फिरवायची न्हाईत."

आबा बाजेवर सरळ झाले. "बंदिस्त मेंढरं? आन् तू त्यांच्याम्होरं खुर्ची टाकून पेपर वाचनार? तुझ्या पायाची वाट सुटावी म्हनून तुला फौजेत घातला. सरकारनं अठरा वर्सं शिकवून तुला परत मेंढरामागं धाडला व्हय?"

"आबा, तिथं बी मेंढरंच हायेत," भानुदास म्हणाला. "फकस्त टोप्या घालत्यात."

आबांना हसू आलं, ते त्यांनी तंबाखू मळण्यात दडवलं. मनीषा हसली नाही.

मग मी एकरकमी पैशाचं समजावलं. पेन्शनचा निम्म्यापर्यंतचा भाग सरकारला विकता येतो. त्याची रक्कम आधी मिळते, महिन्याचं पेन्शन तेवढं कमी होतं, आणि पंधरा वर्षांनी परत पूर्ण सुरू होतं.

"म्हंजी दुभती म्हस अर्धी विकायची," मनीषा म्हणाली.

"म्हैस आपलीच, वहिनी. अर्धं दूध विकायचं."

"आन् पंधरा वर्सं वासराला काय पाजायचं?"

मी रांजणगावच्या कारखान्यांत गेटवर माजी सैनिकांना काम मिळतं, तेवढा आधार होतो, असं सांगून बघितलं.

"गेटवर उभा ऱ्हाऊन ट्रकला सलाम न्हाई ठोकनार," भानुदास म्हणाला.

"मग मेंढरांना ठोका," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

निघताना ती मला पांदीपर्यंत सोडायला आली. भानुदास मागं धाकटीला खांद्यावर घेऊन उभा होता. ती हळू आवाजात बोलली.

"नुसतं पैशाचं न्हाई वो, भाऊजी. ते रजेला येत्यात. चार दिवस बरं असतं. मग त्यांना घर खायला उठतं. पाटं अंधारात उठून अंगन झाडत्यात, पोरींच्या चपला वळीनं लावत्यात. पोरींनी वळ मोडली की चिडत्यात. जलमभर हितं ऱ्हायचं म्हटल्यावर ह्या मानसाला मी कुठं ठिवू?"

मी म्हणालो, सवय होते. मलाही ते खात्रीनं माहीत नव्हतं.

रजा संपली तेव्हा ती दोन्ही मुलींना घेऊन दौंड स्टेशनवर आली होती. गाडी लागल्यावर भानुदास सामान चढवत होता, तेव्हा ती मला म्हणाली, "लिवा अर्ज. कमी आलं तर कमी खाऊ." मग तिनं आवाज चढवला, त्याला ऐकू जाईल असा. "पर उद्या म्हनू नका, हिनं बोलावलं म्हनून आलो."

गाडीत तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. दौंड बरंच मागं पडल्यावर म्हणाला, "बाबूजी, शेडला पत्रा बरा का सिमेंटचं पान?"

अर्ज मंजूर झाला. सुटण्याचा आदेश हिवाळ्याच्या मध्यावर आला. आमच्या कंपनीत एक रीत होती. ती कुठल्या आदेशात लिहिलेली नव्हती, पण कंपनी कमांडर बदलले तरी बदलली नाही. ज्याच्या हातात पेन्शनचा आदेश पडला तो तारेबाहेर जात नाही. ना गस्तीला, ना पोस्टला. त्याला लंगर म्हणजे भटारखाना किंवा स्टोअर सांभाळायला देतात. घरी ठरलेल्या दिवशी माणूस धड पोचला पाहिजे, एवढाच त्यातला अर्थ.

भानुदासला रेशन स्टोअर मिळालं. पोरं त्याला "पेन्शनसाहेब" म्हणायला लागली. सकाळी चहा नेताना कुणीतरी विचारायचं, "पेन्शनसाहेब, आज ड्यूटी काय, शेकोटी का?" तो उलट म्हणायचा, "आज साहेबांना मटार मोजायचेत." पण त्याला ते लागायचं. रिकामा हात त्याला सोसत नव्हता. वस्तीवर होणार होतं त्याची सुरुवात इथंच झाली होती, असं मला तेव्हा वाटलं.

स्टोअरच्या मागं खच्चरांचं छप्पर होतं. तीन खच्चर होते आणि त्यांचा ड्रायव्हर नवीन होता. खच्चर हाकणाऱ्याला फौजेत ड्रायव्हरच म्हणतात. भानुदास रिकामा झाला की छपरात जाऊन बसायचा. स्वतःच्या वाटणीचा गूळ त्यांना चारायचा. जीभ टाळूला लावून तो एक आवाज काढायचा, दोनदा आखूड, एकदा लांब. त्यांच्याकडं मेंढरं बोलवायला तोच आवाज होता. काही दिवसांत असं झालं की आवाज ऐकला की तिन्ही खच्चर एकदम माना वर करायचे आणि दोरी ताणून त्याच्याकडं यायचे.

"बघा, बाबूजी," तो म्हणाला, "चाळिसाच्या आदी हे तीन. वळन लागतंय."

त्या दिवसाआधी सलग बर्फ पडलं होतं. त्या सकाळी उघडीप मिळाली. पोस्टवरचं रॉकेल संपत आलं होतं, म्हणून सुभेदार साहेबांनी जेवणाआधी खच्चर सोडले. कंपनी कमांडर बटालियन हेडक्वार्टरला गेले होते. ठाणं सुभेदार साहेबांच्या हातात होतं. साताऱ्याकडचे, कमी बोलणारे गृहस्थ. नाला ओलांडायची ड्रिल सगळ्यांना पाठ होती. एका वेळी एक माणूस, एक जनावर. पहिलं पलीकडं पोचल्याशिवाय दुसऱ्यानं पाऊल टाकायचं नाही. वरच्या उतारावर एकदम भार आणि धक्का बसू नये म्हणून.

थोड्या वेळानं सेट बोलला. नाल्याजवळच्या पहारेकऱ्याचा आवाज होता.

"साहब, खच्चर अड़ गये। एक भी आगे नहीं जा रहा।"

"ड्रायव्हर क्या कर रहा है?"

"खींच रहा है, साहब। बैठ गया एक।"

सुभेदार साहेबांनी खिडकीतून आभाळाकडं पाहिलं. पश्चिमेकडून पुन्हा भरून येत होतं. भार उतरवून परत आणायला वेळ नव्हता आणि वर बसलेल्या माणसांना रात्र काढायची होती. भानुदास दारात उभा होता. तो कधी आला ते मला कळलं नाही. सेटचा आवाज स्टोअरपर्यंत जायचा.

"साहेब, मी आनतो पलीकडं. माझ्या मागं येत्यात ते."

"तू पेन्शनवाला."

"नाला हितंच हाय, साहेब. चहा गरम हाय तवर परत येतो."

साहेबांनी पुन्हा आभाळाकडं पाहिलं. मग म्हणाले, "जा. एकेक घे. एकेकच."

"व्हय साहेब."

त्यानं मफलर गुंडाळला आणि गेला. माझ्याकडं त्यानं पाहिलंही नाही. आनंदात होता. हे मी आज लिहितो आहे म्हणून नाही. तेव्हाही मला ते दिसलं होतं.

पुढचं मी सेटवर ऐकलं आणि नंतर पहारेकऱ्याकडून. भानुदासनं बसलेल्या खच्चराच्या कानामागं हात घातला, त्याला उठवलं आणि नाल्यातून सरळ पलीकडं नेलं. काही झालं नाही. पहारेकरी सेटवर म्हणाला, "साहब, एक पार।" साहेबांनी मान हलवली.

दुसऱ्यासाठी त्यानं परत अलीकडं यायला हवं होतं. ती ड्रिल होती. पण आभाळ उतरत होतं आणि जनावरं त्याच्याकडंच बघत उभी होती. त्यानं पलीकडूनच आवाज दिला. दोनदा आखूड, एकदा लांब. त्यानं कदाचित एकालाच बोलावलं असेल. त्या आवाजाला एकटं कुणी येत नाही, कळपच येतो. दोन्ही खच्चर ड्रायव्हरच्या हातातून सुटले आणि पाठीवरचे भार उडवत एकदम नाल्यात शिरले.

पहारेकऱ्यानं सांगितलं की त्या वेळी भानुदास खडकाच्या आडोशाला, धोक्याबाहेर होता. तिथंच उभा राहिला असता तर वाचला असता. पण जनावरं चुकीच्या जागी पळत आहेत म्हटल्यावर तो त्यांच्याकडं धावला. हात पसरून, त्यांना फाकवायला, मागं वळवायला. त्याच्या आजोबांनी घाटात हेच केलं असतं.

वरचा उतार सुटला. खोलीत आम्हांला आधी आवाज आला, मग सेट.

"साहब, बर्फ आया। बर्फ आया।"

"मदने किधर है?"

उत्तर नाही.

"मदने किधर है?"

"खच्चर के साथ, साहब।"

"खच्चर किधर हैं?"

"नीचे, साहब।"

आम्ही सगळे गेलो. मीही फावडं घेऊन गेलो. हवा परत बिघडायच्या आत तो सापडला. त्याचा एक हात एका खच्चराच्या गळ्याखाली होता. अंग अजून पुरतं थंड झालं नव्हतं. डॉक्टर नसल्यामुळं आम्ही बराच वेळ छाती दाबत राहिलो. शेवटी सुभेदार साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा मी थांबलो. पोस्टवरच्या माणसांनी दुसऱ्या बाजूनं उतरून रॉकेलचे डबे शोधून नेले. ते करावंच लागतं.

चौकशी झाली. पहिला प्रश्न अपेक्षित होता. पेन्शनचा आदेश आलेला, स्टोअरवर नेमलेला माणूस नाल्यात काय करत होता? तो आपल्या मनानं गेला असं ठरलं असतं तर घरच्यांना मिळणाऱ्या पेन्शनमध्ये फार फरक पडला असता. बाहेर आमच्यातला एक जण म्हणाला की साहेबांचंही पुढचं प्रमोशन अडकलं आहे, बघू काय बोलतात. साहेब आत गेले, सावधान उभे राहिले आणि म्हणाले, "हुकूम मैंने दिया था, साहब।" एवढंच. मला विचारलं तेव्हा मी जे ऐकलं ते सांगितलं. एकेकच घे असं ते म्हणाले होते, हेही सांगितलं. साहेबांचं प्रमोशन झालं नाही. पुढं ते त्याच रँकवर घरी गेले.

भानुदासच्या सुटण्याचे कागद मी तयार करून ठेवले होते. ते रद्द केले आणि दुसरे करायला घेतले. माणूस तोच, नंबर तोच, नामनिर्देशनात नाव तेच. काम माझं होतं, ते मी केलं.

अंत्यसंस्कारानंतर काही आठवड्यांनी मी वस्तीवर गेलो. तोवर तिथं बरीच माणसं येऊन गेली होती. पुण्याजवळच्या प्लॉटचा नकाशा घेऊन एक, विम्याचा एक, ओळख नसलेला एक चुलत पुतण्या. मनीषानं सगळ्यांना चहा देऊन परत पाठवलं होतं. तिनं मलाही चहा दिला. आबा बाजेवर होते.

"भाऊजी, त्या दिवशी सांगितला तसा हिशेब सांगा," ती म्हणाली. "ते सुटून आले असते तर म्हैन्याला किती, आन् आता किती."

मी म्हणालो, आत्ता कशाला.

"सांगा."

सुटून आला असता तर पगाराच्या निम्मं, त्यातलंही काही विकलेलं. आता पूर्ण पगाराएवढं. वर एकरकमी मिळणारी रक्कमही कितीतरी मोठी. मी दोन्ही आकडे सांगितले. ती मनात काहीतरी जुळवत राहिली.

"म्हंजी न्हाई आले तर जास्त," ती म्हणाली.

मी खाली बघितलं. आबा उठले आणि उसाकडं चालू लागले. बऱ्याच वेळानं परत आले तेव्हा म्हणाले, "चाळीस नगं, पर धा घेऊन द्यायला पायजे व्हती त्येला. रजेत बगितली असती."

मी माझी नोकरी पुरी करून घरी आलो. पहाटे जाग येते. अंगण झाडतो. दिवस मोठा असतो. वाचतो, आणि हल्ली थोडं लिहितो. सुटीवर आलेली शिरूर-दौंडकडची पोरं विचारायला येतात की बाबूजी, लवकर सुटू का थांबू. मी आकडे मांडून देतो. सल्ला देत नाही.

नोव्हेंबरमध्ये पेन्शनरांना बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. पहिल्या वर्षी मनीषाच्या सोबत मी गेलो. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "पतीचं नाव?" तिनं माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या वस्तीवर बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. तिनं ते कधीच घेतलं नव्हतं. मी सांगितलं. त्यानं लिहून घेतलं.

पुढच्या वर्षी यवतच्या स्टँडवर भेटल्याबरोबर ती म्हणाली, "भाऊजी, आज तुमी बोलायचं न्हाई."

रांग लांब होती. म्हातारे शिक्षक, एसटीतले, दोन-तीन माजी सैनिक. तिचा नंबर आला. मुलानं मान वर न करता विचारलं.

"पतीचं नाव?"

तिनं पदर सारखा केला. "नायक भानुदास मदने."

"जरा मोठ्यानं, मावशी. ऐकू नाही आलं."

"नायक भानुदास मदने," ती म्हणाली, आणि या वेळी मागची रांगही बोलायची थांबली.

मुलानं टाइप केलं. स्क्रीनकडं बघतच पुढचं विचारलं.

"हयात?"

"ते न्हाईत," मनीषा म्हणाली. "मी हाय."